सेरोटोनिन कमी नसतं, मग नानांना गोळी कशाला? डिप्रेशनमध्ये शरीरात काय चालतं ते सविस्तर

निफाड तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. वडील, म्हणजे घरातले नाना, वय ६२. दोन वर्षांपूर्वी तोडणीला आलेली द्राक्षबाग गारपिटीत गेली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि नाना खचले. यंदा माल चांगला निघाला, भावही बरा मिळाला, कर्जाचा मोठा हिस्सा फिटला. नाना मात्र तसेच. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात, जेवणावरची वासना उडाली आहे, बागेकडे फिरकत नाहीत, ‘कशातच राम राहिला नाही’ म्हणतात. संध्याकाळी त्यातल्या त्यात बरे असतात. नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली आणि ‘मेंदूतलं एक केमिकल कमी झालंय’ असं सांगितलं. मग मुलाने मोबाइलवर वाचलं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्याने डिप्रेशन येतं, हा सिद्धांत खोटा ठरला आहे. नानांनीही १२ दिवसांनी ‘काही फरक नाही, नुसती मळमळ’ म्हणून गोळी सोडली. मुलगा विचारतो, केमिकल कमी नसेल तर गोळी कशाला? आणि दुःखाचं कारणच संपलं, तर आजार कसा उरला?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी नाशकात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो. सिडको-सातपूरचे कामगार असोत की दिंडोरी-पिंपळगावचे बागायतदार, यातला दुसरा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. थेट उत्तर असं: तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, हे सिद्ध झालेलं नाही. पण त्यावरून नानांचा आजार मनाचे खेळ आहेत किंवा गोळी बिनकामाची आहे, असं ठरत नाही. आजार शरीरात आहे आणि तो एका रसायनापेक्षा खूप मोठा आहे. तो परिस्थितीमुळे आला हे खरं, आणि आता तो शरीरात मुरला आहे हेही तितकंच खरं. बहुतेक घरांत यातलं एकच काहीतरी खरं धरलं जातं आणि तिथेच उपचार अडतात.

सेरोटोनिनची गोष्ट कुठून सुरू झाली ते आधी सांगतो, कारण तिचं एक टोक आपल्याकडेच आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहून दाखवलं की या मुळीने रक्तदाब उतरतो. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि बीपीसाठी जगभर वापरलं जाऊ लागलं. लवकरच अशा नोंदी येऊ लागल्या की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास, निस्तेज होतात. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड नावाचं औषध दिलं जात होतं. मरणाच्या दारातले रुग्ण अचानक बोलू-हसू लागले, खायला मागू लागले. हे औषध सेरोटोनिन आणि मेंदूतलंच नॉरअॅड्रेनॅलिन हे दुसरं रसायन मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला अडवतं, हेही कळलं. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कुन यांनी इमिप्रामिन या औषधाचा डिप्रेशनवरचा गुण प्रसिद्ध केला. तेही याच रसायनांवर काम करणारं निघालं.

मग तर्क सरळ होता. साठा संपवणारं औषध माणसाला उदास करतं, साठा वाढवणारं औषध उभारी देतं, म्हणजे उदासीत साठा कमी असणार. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रेनॅलिनच्या बाजूने आणि १९६७ मध्ये अॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या बाजूने ही मांडणी केली. त्या वेळी हातात जे होतं त्यावरून ती उत्तम मांडणी होती, असं माझं आजही मत आहे. तिच्यामुळे डिप्रेशन हा शरीरशास्त्राचा विषय झाला.

पण पुढे भोकं दिसू लागली. रेसर्पिनच्या जुन्या नोंदी नीट तपासल्या तेव्हा बऱ्याच जणांना डिप्रेशन नव्हतंच, नुसती सुस्ती होती. ज्यांना खरंच झालं त्यांच्यातल्या अनेकांना ते आधीही होऊन गेलं होतं. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, उदास रुग्णांना रेसर्पिन देऊन उलट गुण आल्याचं छापलं होतं. त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. निरोगी माणसाच्या आहारातून ट्रिप्टोफॅन, म्हणजे ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं तो घटक, काढून त्याचं सेरोटोनिन काही तासांसाठी उतरवलं, तर तो उदास होत नाही. आणि सगळ्यात अवघड प्रश्न वेळेचा. एस्सिटालोप्रामसारखी गोळी पोटात गेल्यावर काही तासांत आपलं रासायनिक काम सुरू करते. फक्त रसायनाची तूट भरून काढायची असती, तर नाना दुसऱ्या दिवशी बागेत दिसायला हवे होते. प्रत्यक्षात गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याचा ठोस पुरावा नाही. तुमच्या मोबाइलवर आलं ते हेच. त्या लेखावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला, पण मूळ मुद्दा संशोधकांना नवा नव्हता.

आता नीट पाहा. तो अभ्यास आजाराच्या कारणाविषयी होता. गोळीचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न त्यात तपासलेलाच नव्हता. नाना बीपीची गोळी घेत असतील तर त्यांचं बीपी उतरतं. म्हणून त्या गोळीतला पदार्थ त्यांच्या रक्तात कमी पडला होता असं कोणी म्हणत नाही. गोळी एका जागी हात घालते आणि पुढची साखळी हलते. तुमच्या डॉक्टरांनी ‘केमिकल’ हा शब्द का वापरला असेल, तेही मी समजू शकतो. गर्दीच्या ओपीडीत, ‘ढोंग करतोय’ असं सोबत आलेल्या भावकीसमोर बोललं जात असताना, रुग्णावरचा दोष काढायला तो शब्द पटकन उपयोगी पडतो. पण तो अपुरा आहे. मुलगा शिकलेला असेल तर त्याच्या मनात त्यामुळेच शंका उभी राहते. म्हणून पूर्ण चित्र सांगतो.

सुरुवात करू नानांच्या पहाटे तीनपासून. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला सर्वांत बोलका तपशील तोच आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतात. संकट आलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी या ग्रंथींना, आणि कॉर्टिसोल वाढतं. साखर रक्तात येते, माणूस सावध होतो. काम झालं की कॉर्टिसोलच मेंदूला जाऊन सांगतं, आता पुरे. हा ‘पुरे’चा निरोप ज्या भागांत ऐकला जातो त्यातला एक महत्त्वाचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, आठवणी साठवणारा.

निरोगी माणसात कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या आसपास तळाला असतं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठतं. दिवसभर उतरत जातं. तीव्र डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांत ते रात्रीही पुरेसं उतरत नाही. ‘पुरे’चा निरोप ऐकणारी यंत्रणा मंदावलेली असते, त्यामुळे घंटा वाजतच राहते. नाना पहाटे उठून बसतात आणि सकाळ त्यांना जड जाते, संध्याकाळी जरा मोकळं वाटतं, या चढउताराशी ही लय जुळते. शरीराचं घड्याळच बिघडलेलं असतं. झोपेच्या प्रयोगशाळेत पाहिलं तर अशा रुग्णांना स्वप्नांची झोप नेहमीपेक्षा लवकर लागते आणि गाढ झोप कमी मिळते. ‘बारा वाजता झोपवा, म्हणजे तीनला उठणार नाहीत’ असे घरगुती उपाय म्हणूनच चालत नाहीत. रात्रीचा पेगही चालत नाही. दारूने झोप लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध आणखी फुटतो आणि पहाटेची घालमेल वाढते.

इथे एक खबरदारी. हे चित्र सगळ्यांचं नसतं. काहींना डिप्रेशनमध्ये उलट खूप झोप येते, खा-खा सुटते, वजन वाढतं, अंग शिशासारखं जड वाटतं. त्यांचं कॉर्टिसोल वाढलेलं नसतंही. त्यामुळे रक्तातलं कॉर्टिसोल मोजून डिप्रेशन ठरवता येत नाही. १९८० च्या दशकात डेक्सामेथासोन हे कॉर्टिसोलसारखं औषध देऊन अशी चाचणी करून पाहिली गेली आणि निदानासाठी ती टिकली नाही. डिप्रेशन हे एका नावाखाली राहणारे अनेक आजार आहेत, असं मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण संपलं तरी आजार का उरला. याचं मला सर्वांत पटणारं उत्तर आपल्याच देशातल्या प्रयोगशाळेतून आलेलं आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज काही वेळ जखडून ठेवलं आणि मग मेंदूतल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालात मात्र त्याच ताणाने फांद्या वाढल्या होत्या. म्हणजे विचार करायला, संदर्भ लावायला, ‘आता धोका टळला’ हे ओळखायला जो भाग लागतो तो आखडला, आणि धोका हुंगणारा भाग फोफावला. मग उंदरांना २१ दिवस मोकळं सोडलं. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला सावरला नाही, वाढ तशीच राहिली.

उंदीर म्हणजे नाना नव्हेत, हे मान्य. पण माणसांतही दिशा तीच दिसते. डिप्रेशन वारंवार झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सरासरीने थोडा लहान आढळतो. हा फरक हजारो स्कॅन एकत्र केले तेव्हा दिसला; एका माणसाच्या स्कॅनवर तो ओळखू येत नाही. म्हणून ‘एमआरआय काढून डिप्रेशन बघू’ म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. एमआरआय लागतो तो वेगळ्या शंकांसाठी. कपाळामागचा भाग, जो भावनांना लगाम घालतो, तोही अशा काळात सुस्तावतो. त्यातला एक छोटा पट्टा, ज्याला २५ क्रमांकाचा भाग म्हणतात, उलट जास्त धावत असतो. हेलन मेबर्ग यांनी त्याचा डिप्रेशनशी संबंध दाखवला आणि अगदी कुठल्याच उपचाराला न जुमानणाऱ्या काही रुग्णांत तिथे बारीक तार बसवून उपचार करून पाहिले. आनंदाचं बक्षीस ओळखणारं डोपामिन या रसायनाचं जाळं मंदावतं. नानांना यंदाचा भाव ऐकून बरं का वाटलं नाही, ते इथे कळतं. बातमी कानावर पडली, आकडा समजला, हिशेबही त्यांनी बरोबर केला असेल. आनंद होण्याची जी शरीरातली क्रिया असते, ती झाली नाही. त्याला कृतघ्नपणा म्हणू नका. हट्टीपणाही म्हणू नका.

अजून एक धागा आहे, तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आला. सूज. हाता-पायावर दिसते ती नव्हे, रक्तात वाहणारी. ताप आला की माणसाचं काय होतं आठवा. जेवण नको, बोलणं नको, कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडावंसं वाटतं. हे जंतूंमुळे थेट होत नाही, आपल्या रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन्स नावाची जी निरोप्या द्रव्यं सोडतात ती मेंदूला तसं वागायला लावतात. आता हेपटायटिस सीच्या रुग्णांचा अनुभव पाहा. त्यांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने दिली जायची. इंटरफेरॉन हेही सायटोकाइनच. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत साधारण चारातल्या एकाला डिप्रेशन यायचं, आधी कधीही नसलेलं. बाहेरून शरीरात घातलेल्या द्रव्याने हुबेहूब डिप्रेशन उभं राहतं, याहून सरळ पुरावा मला दुसरा माहीत नाही. सायटोकाइन्स ट्रिप्टोफॅनला सेरोटोनिनकडे न जाऊ देता कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाच्या वाटेला वळवतात, आणि त्या वाटेवरचे काही पदार्थ चेतापेशींना जाचक ठरतात. म्हणजे सेरोटोनिन या चित्रातून बाहेर पडलेलं नाही, फक्त ते एकटं राजा उरलेलं नाही.

डिप्रेशनच्या सगळ्याच रुग्णांत ही सूज नसते, साधारण चौथ्या हिश्श्यात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, वाढलेलं आढळतं. २०१३ मध्ये संधिवातावरचं, सूज उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध डिप्रेशनच्या रुग्णांवर वापरून पाहिलं. सरसकट फायदा झाला नाही. ज्यांचं सीआरपी मुळातच जास्त होतं त्यांच्यात गुणाचा कल दिसला. मधुमेह, स्थूलपणा, तंबाखू, जुनाट दुखणी यांच्याबरोबर डिप्रेशन इतक्या वेळा का येतं, याचा एक भाग इथे आहे. मधुमेहींत ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं.

आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात, कारण तिथे भीतीच जास्त आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनमधला आनुवंशिक वाटा साधारण ३७ टक्के धरला जातो. ‘डिप्रेशनचं जनुक’ असं काही नाही. शेकडो जनुकीय फरक सापडले आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम कणभर. २००३ मध्ये एका सेरोटोनिन-जनुकाचा खूप गाजावाजा झाला, मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. लग्नाच्या बोलणीत ‘त्यांच्या घराण्यात आहे’ म्हणून स्थळ मोडणाऱ्यांना विज्ञानाचा काहीही आधार नाही.

आता गोळीकडे येतो. मग ती करते काय, आणि तिला वेळ का लागतो?

एस्सिटालोप्राम सेरोटोनिन परत शोषून घेणारा पंप अडवते. पहिले काही दिवस सेरोटोनिनच्या पेशी त्यावर लगाम खेचतात, स्वतःचं काम आवरतं घेतात. तो लगाम सैल व्हायला दोन-तीन आठवडे जातात. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात नानांना मळमळ झाली. ती सहसा ओसरते. (म्हणूनच रक्तातलं सेरोटोनिन मोजून मेंदूचं काही कळत नाही. अशी चाचणी कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.) पुढच्या टप्प्यात बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, जे चेतापेशींच्या फांद्या आणि जोडण्या वाढवायला मदत करतं. हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की ही औषधं बीडीएनएफच्या रिसेप्टरलाच, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या जागेलाच, थेट जाऊन चिकटतात. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने तर सेरोटोनिनमुळे चेतापेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे घटक, वाढतात हे दाखवलं. मूड वर-खाली करण्यापलीकडे या रसायनाची कामं किती आहेत याचा त्यावरून अंदाज येईल.

२००८ मधला एक प्रयोग मी नातेवाइकांना नेहमी सांगतो. लहानपणी एक डोळा बंद ठेवलेल्या उंदरांची त्या डोळ्याची नजर कायमची अधू होते, डोळा नंतर उघडला तरी मेंदू शिकत नाही. अशा पूर्ण वाढलेल्या उंदरांना फ्लुऑक्सेटीन दिलं, जे नानांच्या गोळीच्याच कुळातलं आहे, आणि त्यांचा चांगला डोळा झाकला. अधू डोळ्याची नजर परतली. औषधाने मेंदू पुन्हा शिकण्याजोगा केला, पण शिकवलं ते डोळ्यासमोरच्या जगाने. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांनी माणसांत याला जुळणारी गोष्ट पाहिली. औषधाच्या पहिल्याच मात्रेनंतर, मूड बदलायच्या कितीतरी आधी, माणसाला समोरच्या चेहऱ्यांतले आनंदी भाव थोडे जास्त ओळखू येऊ लागतात. त्याला स्वतःला फरक जाणवत नाही. मग दिवसामागून दिवस थोडं कमी काळं दिसत गेलं की मन त्यावरून नवे अंदाज बांधतं.

म्हणून १२ दिवसांत नानांना काही वाटलं नाही यात आश्चर्य नाही, आणि म्हणूनच नुसती गोळी देऊन त्यांना खाटेवर सोडून देणं मला पटत नाही. त्या आठवड्यांत त्यांच्या वाट्याला चांगलं, साधं काहीतरी यायला हवं. रोज ठरलेल्या वेळी उठणं, सकाळच्या उन्हात बागेच्या बांधावरून एक फेरी, सोबत कोणीतरी, उपदेश न करता. चालण्याने बीडीएनएफ वाढतं हे तपासलेलं आहे, आणि सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ जागेवर आणायला मदत करतो. सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये नुसत्या पद्धतशीर समुपदेशनाचाही गोळीइतका गुण येतो. दोन्ही मिळून जास्त. बोलण्याने मेंदू कसा बदलणार, असं अनेक जण विचारतात. बोलणं, चालणं, झोपणं हे सगळं मेंदूतच घडतं. वेगळा मार्ग त्याला नाहीच.

पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तिघांत एक. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागतं किंवा जोड द्यावी लागते. पहिलं लागू पडलं नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. ग्लुटामेट या मेंदूतल्या वेगळ्या रसायनावर काम करणारं केटामाइन हे औषध काही तासांत परिणाम दाखवतं, हे २००० सालापासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, निवडक रुग्णांसाठी आहे. अन्नपाणी सोडलेल्या, जिवाचा धोका असलेल्या रुग्णासाठी ईसीटी, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात तो विजेचा उपचार, आजही फार प्रभावी आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ती भूल दिल्याशिवाय करताच येत नाही. सिनेमातली दृश्यं विसरा.

नानांच्या बाबतीत माझ्या मनात येणाऱ्या काही गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासली आहे का? थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ खूप उतरलं तर चित्र हुबेहूब डिप्रेशनचं दिसतं, आणि माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं मी सतत पाहतो. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आहेत का? स्टेरॉइड म्हणजे बाहेरून दिलेलं कॉर्टिसोलच, त्याने मूड दोन्ही दिशांना जाऊ शकतो. बागेत फवारणी कोण करतं? ऑरगॅनोफॉस्फेट औषधांशी वारंवार संपर्क येणाऱ्या शेतकऱ्यांत डिप्रेशन जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. कारण-परिणाम पक्का झालेला नाही, पण मास्क आणि हातमोजे त्याची वाट पाहू नयेत.

आणखी एक, वयामुळे महत्त्वाचं. नाना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर त्यांना एस्सिटालोप्रामबरोबर रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका जास्त आहे. चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, मळमळ वाढणं दिसलं तर लगेच सोडियम तपासा. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर दोन-एक आठवड्यांनी एकदा तपासून घेतलेलं बरं. अॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि नानांना पूर्वी कधी काही दिवस अतिउत्साह, झोपेची गरजच न वाटणं, बेफाम खर्च असं झालं असेल तर ते आधी सांगा. मग हा बायपोलर आजार असू शकतो आणि उपचार वेगळे लागतात.

‘सवय लागेल’ ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण नानांच्या मनात ती असणारच. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, गुंगीच्या गोळ्यांची. गावाकडे त्या सर्रास दिल्या जातात. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. मात्र काही महिने घेऊन ती एकदम तोडली तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते. म्हणून ती हळूहळू कमी करतात. पूर्ण बरं वाटल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात, कारण त्याआधी सोडली तर आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. पहिला झटका बहुधा मोठ्या आघातानंतर येतो, पुढचे मात्र लहान कारणानेही येऊ लागतात. पहिलाच पूर्ण निस्तरणं म्हणून इतकं मोलाचं आहे.

तेव्हा आता असं करा. नानांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि १२ दिवसांत गोळी सोडली हे स्पष्ट सांगा. पुन्हा किती मात्रेपासून सुरू करायची ते त्यांना ठरवू द्या. मळमळीची तक्रार सांगा, ते जेवणानंतर किंवा कमी मात्रेने सुरू करतील. निदान सहा आठवडे मोजा. या काळात कधी कधी मूड सुधारण्याआधी अंगात हालचाल परत येते; तो काळ जपून राहण्याचा. ‘नाना, जगण्याचा कंटाळा येतो का? जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी दाखवा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट, मराठीत बोलता येतं.

आणि आज संध्याकाळीच एक काम उरका. द्राक्षवाल्याच्या घरी फवारणीची औषधं शेडमध्ये उघड्यावर, नाहीतर जिन्याखाली पडलेली असतात. सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पेटीत भरा, रिकाम्या वाटणाऱ्यासुद्धा, पेटीला कुलूप लावा. फवारणी असेल त्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढा. किल्ली घरात खुंटीला नको, आईकडेही नको. ती तुम्ही स्वतःकडे ठेवा.